लाईट गेली म्हणून डाव गेला? ऑनलाइन आंतरविद्यापीठ बुद्धिबळाचे नियम सोप्या भाषेत

चौथा राउंड, तिसरा पट. हत्ती-प्याद्यांचा एंडगेम, मुलीकडे एक प्यादं जास्त, घड्याळात चार मिनिटं, मॅचचा स्कोअर दीड-दीड. आणि तिच्या गावात लाईट गेली. राउटर बंद, स्वतःचा फोन झूमच्या कॅमेऱ्याला लावलेला, मग आईचा फोन शोध, हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉपवर पासवर्ड टाक... हे सगळं उरकून ती परत येईपर्यंत समोरच्या मुलाच्या स्क्रीनवर 'क्लेम व्हिक्टरी'चं, म्हणजे समोरचा गायब आहे, विजय मला द्या असं सांगायचं बटण आलं होतं आणि त्याने ते दाबलंही होतं. डाव खल्लास. पुढचा अर्धा तास कॅप्टन लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नियमावलीत या प्रसंगावर एक ओळ नव्हती, आणि नियमावली मीच लिहिलेली, त्यामुळे चिडायला दुसरं कोणी सापडेना.

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक मारला, तेव्हापासून कॉलेजच्या जिमखान्यात कोणी ना कोणी म्हणतंच की आपणही एक ऑनलाइन टीम टूर्नामेंट घेऊया. घ्या की. प्रवास नाही, राहण्याची सोय नाही, खर्च जवळपास शून्य. पण नियमांचं पीडीएफ उघडलं की लोक बिचकतात, घोडा अडीच घरं चालतो हे तर सगळ्यांना माहितीये मग ही दहा पानं कशाची? तर त्या दहा पानांत बुद्धिबळ जेमतेम दीड पान असतं. बाकी सगळं वीज, नेट, कॅमेरा, कोण कोणाच्या नावाने खेळतंय, आणि एकाचं बिघडलं की चौघांचं बिघडतं याचा हिशोब.

टीम मॅच म्हणजे नक्की काय

दोन विद्यापीठं समोरासमोर, प्रत्येकी चार खेळाडू. पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. ज्या टीमचं नाव आधी लिहिलंय तिला एक आणि तीन नंबरच्या पटावर पांढरी, दोन आणि चारवर काळी. चार डाव एकाच वेळी सुरू होतात. जिंकलास तर एक, बरोबरी अर्धा. अडीच झाले की मॅच तुमची.

इथे पहिला गोंधळ होतो. बुद्धिबळ खेळायच्या साइट्सवर 'टीम बॅटल' नावाचा एक प्रकार असतो, त्यात दोन तासांत जो येईल तो ज्याच्याशी जुळेल त्याच्याशी खेळत सुटतो आणि पॉइंट टीमच्या खात्यात जातात. मजा येते, गॅदरिंगला ठेवा. पण ती टीम मॅच नव्हे, तिथे पहिला पट-दुसरा पट ही भानगडच नसते. आपण बोलतोय ते चार पटांच्या लढतीबद्दल.

आता पॉइंट. मॅच जिंकली की २ मॅच पॉइंट, बरोबरी १, हरलात तर ०. चार डावांतले गुण झाले बोर्ड पॉइंट. क्रमवारी मॅच पॉइंटवर लागते आणि दोन टीम सारख्या आल्या तरच बोर्ड पॉइंट बघतात. क्रिकेटमध्ये एका रनने जिंका नाहीतर दीडशेने, पॉइंट दोनच, नेट रन रेट नंतर. अगदी तसंच. त्यामुळे असं होतं की 'अ' टीम दोन मॅच ४-० ने जिंकते आणि तिसरी दीड-अडीचने हरते, एकूण साडेनऊ बोर्ड पॉइंट. 'ब' टीम तिन्ही मॅच कशाबशा अडीच-दीडने काढते, एकूण साडेसात. पण 'ब' वर, कारण तिचे मॅच पॉइंट ६ आणि 'अ'चे ४. दर वर्षी एक तरी कॅप्टन एक्सेल शीट घेऊन भांडायला येतोच.

फायनल २-२ सुटली तर? एक जुनी पद्धत आहे, पहिल्या पटावरच्या विजयाला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १. ऐकायला छान. पण एका टीमने पहिला आणि चौथा पट जिंकला आणि दुसरीने दुसरा आणि तिसरा, तर ५-५! मग शेवटचा पट वगळून परत मोजा, हे सुद्धा आधीच लिहून ठेवा. नाहीतर रात्री साडेनऊला कोणीतरी टॉस करूया म्हणतं.

पटांचा क्रम आधीच का गोठवायचा

समजा तुमच्याकडे एक तगडा खेळाडू, दोन ठीकठाक आणि एक नवशिका. चलाख कॅप्टन काय करेल? नवशिक्याला पहिल्या पटावर बळी देईल आणि बाकीचे तिघे एकेक पट खाली सरकवून सोप्या विरोधकांवर सोडेल. म्हणून स्पर्धेआधी चार अधिक एक राखीव अशी यादी द्यायची आणि ती शेवटपर्यंत तीच. कोणी गैरहजर असेल तर खालचे वर सरकतात, राखीव खेळाडू सगळ्यात खाली येतो. मधेच कोणाला वरखाली करता येत नाही.

आणि प्रत्येक राउंडला कोणते चार खेळणार हे दोन्ही कॅप्टननी ठरलेल्या वेळेपर्यंत पंचांना स्वतंत्रपणे कळवायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. ग्रुपवर टाकायला सांगितलं की दोघंही समोरच्याची वाट बघत बसतात. स्वानुभव.

घड्याळ

१५+१० म्हणजे प्रत्येकाला १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद बोनस, त्याला इन्क्रिमेंट म्हणतात. ६० चालींचा डाव झाला तर एकाची २५ मिनिटं, दोघांची मिळून ५०. म्हणून दोन राउंडमध्ये सव्वा तासाचं अंतर ठेवा. इन्क्रिमेंट नसलेला खेळ ऑनलाइन टीम मॅचला ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे, शेवटी बुद्धिबळ उरत नाही, माऊस कोणाचा चांगला ते ठरतं.

साइट जे ठरवते ते ठरलं

समोरासमोरच्या खेळात मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं. ऑनलाइन हा नियमच नाही, माऊस सोडला की चाल. वजीर एक घर आधी पडला, गेला वजीर. 'सर, चुकून झालं, टेकबॅक द्या ना', म्हणजे चाल मागे घेऊ द्या, याला उत्तर एकच, नाही. समोरचा खेळाडू मनाने चांगला आहे आणि द्यायला तयार आहे तरी नाही, कारण तो एकटा खेळत नाहीये, त्याच्या टीममधल्या बाकी तिघांनी ही उदारता मागितलेली नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन चाल कन्फर्म करायचा पर्याय चालू करावा.

यातली एक गंमत कॅप्टन लोकांनाही माहीत नसते. तुमच्याकडे राजा आणि एकच घोडा, समोर राजा आणि प्यादं, आणि समोरच्याचा टाइम संपला. निकाल काय? जागतिक संघटना फिडेचा नियम बघतो की कुठल्याही, अगदी मूर्खपणाच्या का होईना, कायदेशीर चालींनी मात होऊ शकते का. इथे होऊ शकते, स्वतःचंच प्यादं अडवून बसलं तर, त्यामुळे घोडेवाला जिंकला. लिचेस ही साइट फिडेच्या वाटेने जाते. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर मात्र हीच पोझिशन बरोबरी धरतात. म्हणजे त्याच डावाला दोन साइटवर दोन निकाल. म्हणून एक वाक्य टाका: डावाचा निकाल साइट दाखवेल तो, फिडेचं पुस्तक घेऊन अपील चालणार नाही. याला अपवाद एकच, तो नेटचा.

नेट गेलं तर? सगळं रामायण इथेच

ऑगस्ट २०२०, फिडेचं पहिलं ऑनलाइन ऑलिम्पियाड. दीडशेहून जास्त देश, सहा पटांच्या टीम, आपला कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी. क्वार्टर फायनलला आर्मेनियाच्या एका खेळाडूचं कनेक्शन निहाल सरीनविरुद्ध तुटलं आणि घड्याळातली वेळ संपून तो हरला. आर्मेनियाने अपील केलं, आमचं नेट चालू होतं, दोष आमचा नाही म्हणाले. अपील फेटाळलं. आर्मेनियाने निषेध म्हणून माघार घेतली.

दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, फायनल भारत-रशिया. दुसऱ्या लढतीत निहाल आणि दिव्या, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची, दोघांचं कनेक्शन गेलं आणि दोघं वेळ संपून हरले. भारताने अपील केलं. त्याच वेळी जगभर इंटरनेट सेवेतच मोठा बिघाड झालेला होता, अनेक देशांत लोक लटकलेले. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोघांना दिलं.

मग आर्मेनियाला एक न्याय आणि भारताला दुसरा? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आपण जिंकलो म्हणून तो गैरलागू होत नाही. पण दोन निकालांमागचं तत्त्व बघा, ते आपल्या छोट्या स्पर्धेलाही लागू पडतं: तार तुमच्या घरात तुटली की सगळ्यांची एकदम? गाडी पंक्चर झाल्यामुळे परीक्षेला उशीर झाला तर तुमचं तुम्ही बघा. पुलावर पाणी आलं आणि अख्खा तालुका अडकला तर मग पेपर पुढे ढकलतात.

म्हणून आता आमच्या नियमावलीत असं आहे. एका खेळाडूचं नेट, लाईट, लॅपटॉप, काहीही गेलं तरी घड्याळ चालू राहणार. का गेलं हे पंच विचारणार नाहीत. कारण खरोखर लाईट गेली की कोणी वाईट पोझिशन बघून वायर उपटली, हे झूमवरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही, आणि ज्याची शहानिशा करता येत नाही त्यावर निकाल द्यायला लागलो की रडणाऱ्याचा फायदा होतो. मात्र निदान तीन वेगवेगळ्या शहरांतले पट एकदम बंद पडले तर बिघाड सार्वजनिक धरायचा, सगळ्या मॅच थांबवायच्या आणि आहे त्या पोझिशनपासून नंतर सुरू करायच्या.

आणि ते बटण? समोरचा गायब झाला की साइट थोड्या वेळाने विजय क्लेम करायची मुभा देते. अनोळखी माणसाशी रात्री एक वाजता खेळताना ते बरोबरच आहे, किती वेळ वाट बघायची. टीम स्पर्धेत ते दाबायचं नाही. घड्याळ शून्य होईपर्यंत थांबायचं. दाबलं तर पंच तोच डाव त्याच पोझिशनपासून, त्याच उरलेल्या वेळेने परत लावतील. आता वेळ दोघांची वेगळी, पण नवीन डावात घड्याळं सारखीच सुरू होतात, मग काय करायचं? लिचेसवर समोरच्याला १५ सेकंद बहाल करायचं एक बारीकसं बटण आहे. कमी वेळ असलेल्याच्या वेळेने डाव लावायचा आणि त्याने समोरच्याला हिशोबाने तेवढे क्लिक द्यायचे. तीन मिनिटांचा फरक म्हणजे बारा क्लिक. पंच मोठ्याने मोजतो, दोन्ही कॅप्टन ऐकतात. भजनाला टाळ मोजल्यासारखं वाटतं, पण चालतं.

त्या मुलीचा डाव मात्र मी परत लावला नाही. नियम नव्हता, आणि मॅच चालू असताना नियम बनवला असता तर पुढच्या राउंडला दुसऱ्या टीमने तसाच मागितला असता. निकाल तसाच ठेवला. तिने नंतर मेसेज केला, 'सर ठीक आहे, पण पुढच्या वेळी लिहा.' एवढंच.

चीटिंग, म्हणजे फेअर प्ले

जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद कोविडच्या मदतनिधीसाठी एकाच वेळी बऱ्याच नामवंतांशी ऑनलाइन खेळले. उद्योजक निखिल कामत त्यांच्याविरुद्ध जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कबूल केलं की जाणकारांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. लोकांना धक्का बसला. पण बुद्धिबळवाल्यांना फार नाही, कारण आज कुठल्याही फोनमध्ये फुकट मिळणारं इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, जगज्जेत्याला हरवतं. परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात छापील उत्तरपत्रिका आहे, आणि पर्यवेक्षक दुसऱ्या गावात.

टीममध्ये तर हे अजून वाईट. सप्टेंबर २०२० मध्ये चेस डॉट कॉमच्या प्रो लीगची फायनल आर्मेनिया ईगल्सने जिंकली, नंतर साइटने एका खेळाडूवर फेअर प्ले मोडल्याचा ठपका ठेवला, त्याने आरोप नाकारला, पण अख्खी टीम बाद झाली आणि विजेतेपद सेंट लुईसच्या टीमला गेलं.

उपाय तीन थरांचे. पहिला कॅमेरा: फोन बाजूने किंवा मागून असा लावायचा की स्क्रीन, हात आणि चेहऱ्याची बाजू दिसेल. नुसता समोरून चेहरा दिसून काय उपयोग, पासपोर्ट फोटो काढायचाय का? इअरफोन नाही, दुसरा टॅब नाही, स्क्रीन शेअर चालू. दुसरा थर ओळख: कॅमेऱ्यासमोर आयकार्ड, आणि यादीत दिलेल्याच अकाउंटवरून खेळायचं. काल उघडलेलं अकाउंट चालणार नाही, जुन्या अकाउंटला मागचे डाव असतात आणि माणूस कसा खेळतो ते त्यातून कळतं. तिसरा थर म्हणजे डावांची तपासणी.

'त्याची अ‍ॅक्युरसी ९७ टक्के आली, अजून काय पुरावा पाहिजे?'

हा आक्षेप प्रत्येक स्पर्धेत येतो, सोबत स्क्रीनशॉट. अ‍ॅक्युरसी म्हणजे तुमच्या चाली इंजिनच्या चालींच्या किती जवळ गेल्या त्याचा आकडा. पण अठरा चालींचा डाव असेल, त्यातल्या दहा पाठ केलेल्या ओपनिंगच्या, चार सरळ मारामारीच्या, आणि समोरच्याने वजीर फुकट दिला असेल, तर माझीही ९७ येते. सोप्या पेपरात सगळ्यांनाच ९० पडतात, त्यावरून कॉपी सिद्ध होत नाही. बघायचं असतं ते अवघड जागी काय केलं, आणि एक चाल सुचायला किती वेळ लागला. उघड उघड मारायची चाल असो की पाच चाली खोल बलिदान, प्रत्येकाला बरोब्बर सात-आठ सेकंद लागत असतील तर माझ्या भुवया वर जातात. माणूस असा विचार करत नाही.

हे शास्त्रशुद्ध करणारे लोक आहेत. अमेरिकेत बफेलोला कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक असलेले केनेथ रीगन हे स्वतः इंटरनॅशनल मास्टर, त्यांची संख्याशास्त्रीय पद्धत फिडे वापरते. तिचा गाभा असा की या रेटिंगच्या, म्हणजे खेळाच्या या पातळीच्या, माणसाकडून एवढं जुळणं किती अपेक्षित, आणि प्रत्यक्षात किती जुळलं. एकदोन डावांवर ती सहसा बोलत नाही, नाणं दोनदा छापा पडलं म्हणून खोटं ठरत नाही.

म्हणून नियम असा: संशय असेल तर कॅप्टनने फक्त पंचांना लिहायचं, मॅच संपल्यावर, डावाच्या लिंकसकट. ग्रुपवर किंवा इन्स्टाच्या स्टोरीवर आरोप टाकला तर कारवाई टाकणाऱ्यावर. एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावाला असं लागलेलं पुसायला फार त्रास होतो. तीन जणांची समिती, त्यात दोन्ही विद्यापीठांचं कोणी नाही, आधी खेळाडूचं म्हणणं ऐकणार, मग निर्णय. तोपर्यंत सगळे निकाल तात्पुरते, शेवटच्या राउंडनंतर ४८ तासांनी पक्के. आणि दोषी ठरला तर त्याचे सगळे डाव शून्य, पण टीममधल्या बाकीच्यांचे गुण जागेवर. इथे मी प्रो लीगपेक्षा मवाळ आहे हे मान्य. व्यावसायिक लीगला अख्खी टीम बाद करणं परवडतं, दुसऱ्या जिल्ह्यात घरी बसून खेळणाऱ्या चौघांना एकमेकांवर नजर ठेवायला सांगण्यात मला अर्थ वाटत नाही.

कॅप्टनने काय करायचं मग

हॉलमध्ये खेळताना कॅप्टन खेळाडूला 'बरोबरी घेऊ शकतोस' एवढं सांगू शकतो, पोझिशनवर एक शब्द न काढता. ऑनलाइन हे पूर्ण बंद. फोनवर 'घे' म्हणाला की 'घोडा घे' म्हणाला ते कोण तपासणार? राउंड सुरू झाला की डाव संपलेल्यानेही कॉलवरच थांबायचं, कारण डाव साइटवर लाइव्ह दिसतात आणि मोकळा झालेला मित्र इंजिन लावून बघत बसलेला असतोच.

'सर, माझ्याकडे एकच फोन आहे'

हा एकमेव आक्षेप ज्याला माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. खेळायला लॅपटॉप, कॅमेऱ्याला फोन, वर झूम खाईल तेवढा डेटा, लाईट गेली तर इन्व्हर्टर. माझा तो 'घड्याळ चालू राहणार' नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मुलाला आणि तालुक्यातल्या मुलीला तो सारखा कसा पडेल?

फिडेने यासाठी हायब्रिड नावाचा प्रकार नियमांत आणलाय. खेळ ऑनलाइनच, पण खेळाडू घरी न बसता एका ठरलेल्या जागी, पंचाच्या डोळ्यासमोर. आणि विद्यापीठांकडे ही जागा फुकट पडलेली असते: कॉम्प्युटर लॅब. चारही खेळाडू एका लॅबमध्ये, यूपीएस आहे, तारेचं नेट आहे, फोन बाहेर टेबलावर. घरून खेळायचं असेल तर खेळा, पण लॅबवाल्यांना एक सवलत: पंच स्वतः हजर असल्याने नेट का गेलं ते त्याला दिसतं, म्हणून तिथे घड्याळ थांबवायचा अधिकार त्याला.

'मग त्यांचेच सर त्यांच्याच पोरांवर लक्ष ठेवणार का?' नाही, पंच शेजारच्या कॉलेजचा, आणि लॅबच्या कोपऱ्यात एक कॅमेरा तरीही.

एक अडचण तेवढी आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा हायब्रिड घेतलं तेव्हा दहा वाजता राउंड, पावणेदहाला एका लॅबमधून फोन, साइट उघडतच नाही. कॉलेजच्या फायरवॉलने बुद्धिबळ 'गेम्स' म्हणून ब्लॉक केलेलं. ते काढायला अर्ज, अर्जावर प्राचार्यांची सही, प्राचार्य मीटिंगला. शेवटी चौघं पोरं लॅबमध्ये रांगेत बसून पंचांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर खेळली. आता नोंदणीच्या फॉर्मवर खेळाडूंच्या नावांच्याही आधी एक चौकोन आहे: लॅबमधून साइट उघडून एक डाव खेळून पाहिला, तारीख, लॅब असिस्टंटची सही.